सिमेंटचे बगळे

नांदेडहून अहमदपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर भार्गवी नावाची आर्किटेक्ट मुलगी आणि तिचे मामा अनंतराव बसले होते.

"मामा, तो पार्क आता माझा राहिला नाही."

"असं कसं? भर बाजारपेठेत, गोदावरीच्या काठाला, तुझ्याच नकाशावरून झाला न्हाई का?"

"नकाशात नदीकाठचं गवत होतं, लव्हाळे होते. पुराचं पाणी तिथंच मुरावं, बाजारात शिरू नये म्हणून. पहिल्याच वर्षी बगळे उतरले."

"मग बिघडलं कुठं?"

"उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. महापालिकेचे साहेब म्हणाले, हे जंगल कशाला दाखवता? घाईघाईनं सगळं उपटून फरशी टाकली."

"फरशी स्वच्छ तर राहती."

"बगळे उडून गेले, तर सिमेंटचे बसवले. पांढरा रंग देऊन."

"ते लई बरं. फोटोत हालत न्हाईत."

"हसू नका. आता पूर आला की पाणी सरळ दुकानांत घुसणार. मी भांडले, पण कुणी ऐकेना. शेवटी मीच कोनशिलेवरचं माझं नाव काढायला लावलं."

"नाव काढलं? अगं, त्याच पार्कसाठी आज तुझा सत्कार हाय! अख्ख्या अहमदपुरात बॅनर लावलेत मी."

"म्हणून तर येतेय. माईकवर हेच सांगणार आहे."

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मोबाईल काढला.

"हॅलो, शेषेराव? पोरीचा घसा बसलाय हो. सत्कार जोरात करा, भाषण तेवढं नको."

भार्गवी फोनकडं वाकली.

"शेषेरावकाका, घसा ठणठणीत आहे माझा!"