हेस्टर मिलबर्न यांचं बुडू पाहणारं वर्ष

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती ऑड्री रिडली, प्रमुख पाहुणे आणि आपल्या चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड ब्यूइक, आजच्या सत्कारमूर्ती कुमारी हेस्टर मिलबर्न, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे थोरले बंधू विल्फ, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत गोठे शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून आलेल्या हेक्समच्या समस्त मंडळींनो,

अध्यक्षाबाईंनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मलाही थोडक्यातच बोलायचं आहे. किंबहुना आज या सभागृहात माझ्याइतकी घाई दुसऱ्या कुणाला नसेल. मी मघापासून घड्याळाकडे बघतोय ते रेव्हरंडांच्या भाषणाला कंटाळून नव्हे. ते भाषण उत्तमच झालं, फक्त जरा लांबलं.

तर हेस्टर मिलबर्न. जनावरांच्या डॉक्टर म्हणून त्यांनी या खोऱ्यात अख्खी हयात घालवली. मी घोड्यांचा डॉक्टर, म्हणजे स्वभावाने उतावळा. लाथ बसायच्या आत काम उरकायचं ही आमची रीत. त्या गाई-मेंढ्यांच्या आणि कुत्र्यांच्या. त्यांचा हात शांत, बोलणं शांत, आणि बिल पाठवायची वेळ आली की त्या इतक्या शांत होतात की मालकालाच फोन करून विचारावं लागतं. कितीतरी शेतकरी मान हलवताहेत, बघा.

सगळे सांगतील त्या गोष्टी मी सांगत नाही. टाळेबंदीच्या वर्षाची एकच सांगतो. त्या वर्षी मला एका घोडीने मांडीवर लाथ घातली आणि मी घरात पडून राहिलो. आमचे तिसरे डॉक्टर आजारी. तिघांचं काम एकट्या हेस्टरने ओढलं. नियम असा होता की मालकाने गाडीतच बसायचं, काच वर, आणि आम्ही जनावर आत न्यायचं. ते जगलं नाही तर मालकाला फोनवर कळवायचं. आपले डॉडसाहेब त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, मॉसला, घेऊन आले होते. आता त्याला कायमचं झोपवण्यावाचून इलाज नव्हता. हेस्टरने काय केलं? घोंगडीत गुंडाळून त्याला पुन्हा बाहेर आणलं, गाडीच्या दाराशी गारठ्यात मांडी घालून बसल्या, आणि डॉडना तो दिसत राहील असा धरून तिथेच त्याला सुई दिली. डॉडनी आतून काचेला हात लावला होता. डॉडसाहेब, तुम्ही खाली बघू नका, त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीत उभी असलेली आमची सगळी माणसं रडली होती.

आता तुम्ही म्हणाल, रॅल्फ, हे छानच आहे, पण घाई कसली?

आज पाच एप्रिल आहे, मंडळी. आपल्या देशातला कराच्या वर्षाचा शेवटचा दिवस. आज रात्री घड्याळाचे काटे जुळले की हेस्टरचं टाळेबंदीचं ते वर्ष बुडालं.

सांगतो, सांगतो. ऑड्री, चहा जरा थांबवा.

आपण पगारातून स्वतःच्या पेन्शनमध्ये ऐंशी पौंड टाकले की पेन्शन कंपनी सरकारकडून वीस आणते आणि त्याचे शंभर करते. इथपर्यंत सगळं आपोआप. पण ज्याच्या पगाराच्या वरच्या भागावर चाळीस टक्के कर कापला जातो, त्याला त्या शंभरामागे आणखी वीस परत मिळू शकतात. ते मात्र आपोआप मिळत नाहीत. ते आपण स्वतः मागायचे असतात, आणि ते कराचं वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत मागायचे असतात. सरकार दार ठोठावून विचारत नाही की बाई, तुमचे इतके राहिलेत, देऊ का?

त्या वर्षी हेस्टर आणि विल्फ नॉर्वेला बोटीने जाणार होते. ते रद्द झालं. सुट्टी नाही, फिरणं नाही. जे उरलं ते सगळं हेस्टरने पेन्शनमध्ये टाकलं. सगळ्यात जास्त काम त्या वर्षी, सगळ्यात जास्त भरणा त्या वर्षी, आणि आज बुडणार तेही तेच वर्ष. मला कालपासून जेवण जात नाही.

मी तिच्या मागे लागलो नाही असं नाही. ख्रिसमसच्या आधीपासून लागलोय. म्हटलं, "हेस्टर, ते वरचे वीस मागितलेस का?"

तर म्हणाली, "मिळाले की. कंपनीच्या कागदावर स्पष्ट छापलंय, कर-सवलत जमा म्हणून."

"अगं, ते पहिले वीस. दुसरे राहिले."

"म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा हात पसरायचा? मला नाही जमणार, रॅल्फ."

"हात काय पसरायचाय? तुझाच कर जास्त कापला गेलाय."

"मग त्यांना कळेलच कधीतरी. रांगेत उभं राहिलं की नंबर येतो."

आता या बाईला कसं सांगायचं की तू उभी आहेस तिथे रांगच नाही? आपण इंग्रज माणसं. बसथांब्यावर अनोळखी माणसाला मूळव्याधीची हकिकत सांगू, पण आपला पगार किती हे सख्ख्या भावाला कळू देणार नाही. हेस्टरला खरी अडचण कसली वाटते, माहीत आहे? ते वीस मागायचे म्हणजे आपण चाळीस टक्केवाल्यांतले आहोत हे कबूल करायचं. "लोक म्हणतील, मिलबर्नबाई आमच्या मेंढ्यांवर गब्बर झाल्या," हे तिचे शब्द. कोण म्हणेल असं? इथला एक तरी म्हणेल का?

मला हे सगळं चारचौघांत बोलायचं नव्हतं. हेस्टर, माझ्याकडे असं बघू नकोस. मी आज फक्त डॉडच्या कुत्र्याची गोष्ट सांगून खाली बसणार होतो. पण गेल्या आठवड्यात मला कार्लाइलच्या एका दवाखान्यातून फोन आला. "मिलबर्नबाईंना आम्ही आठवड्याचे तीन दिवस कामावर घेतोय, त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगाल का?" मी म्हटलं, "अहो, त्या तर निवृत्त होताहेत." ते म्हणाले, "हो, म्हणूनच."

तुम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून बागेत बसायला हे सुरेख बाक घेतलंत. त्यावर बसणार कोण? ज्या बाईचा खुबा दुखतो, जिना चढताना ज्या कठडा धरतात, त्या गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार गाडी हाकत कार्लाइलला जाणार आहेत, कारण दोघांचं घर नुसत्या पेन्शनवर भागत नाही. आणि शनिवार हा कुणाचा दिवस आहे हे इथे कुणाला सांगायला नको. विल्फ आठवडाभर शेतमालाच्या दुकानात अंडी भरतो आणि शनिवारी हेस्टर त्याला कलरकोट्सला समुद्रावर नेते. गाडीत बसून मासे आणि बटाट्याच्या फोडी खायच्या, काचा धुरकट होऊ द्यायच्या, आणि लाटा बघायच्या. विल्फला लहानपणापासून पुष्कळ गोष्टी उशिरा कळल्या, पण शनिवार कधी चुकला नाही.

अजून मागता येतात त्या चारही वर्षांचे पैसे परत आले तर निदान वर्षभर कार्लाइलला जावं लागणार नाही. मी हिशेब करून बघितलाय, आकडा सांगत नाही, नाहीतर हेस्टर उठून निघून जाईल. आज ते पहिलं वर्ष गेलं तर मात्र भागणार नाही, कारण मोठा वाटा त्याच वर्षाचा आहे. आणि उद्या बघू, घरी गेल्यावर बघू म्हणायची सोय नाही. तिचं घर वर टारसेटला, तिथे इंटरनेट वाऱ्याच्या मर्जीने येतं. आज शेवटचा दिवस, तिकडे कर खात्याच्या वेबसाइटवर झुंबड असणार. जानेवारीत माझ्या कटकटीला कंटाळून तिने तिथे आपलं खातं उघडलंय. पेन्शन कंपनीचं पत्र तिच्या पर्समध्ये आहे, मघाशी रुमाल काढताना मला दिसलं. माझा लॅपटॉप मागे स्वयंपाकघरात, चहाच्या बंबाशेजारी उघडून ठेवलाय. म्हणून मी घड्याळ बघतोय.

तेव्हा हेस्टरला एकटं वाटू नये म्हणून मी तुम्हाला एक विचारतो. या सभागृहात अजून किती जणांनी पेन्शनवरचे ते दुसरे वीस कधीच मागितले नाहीत? हात वर करा.

वा. सगळ्यांना एकदम कपातला चहा बघावासा वाटला. अजून चहा यायचाय, मंडळी, कप रिकामे आहेत. मुख्याध्यापक ओगलसाहेब छताचं निरीक्षण करताहेत. आमच्या दवाखान्यातल्या दोघांना मी ओळखतो, नाव घेत नाही. हात वर केला की पगार कळतो, हीच ना भीती? मग लक्षात घ्या, हेस्टर गेले कित्येक महिने काय गिळून बसली आहे.

विल्फ, तू हात वर केलास? अरे, तुझं असं पेन्शन नाही.

काय म्हणालास? जरा मोठ्याने, मागे ऐकू जात नाही.

तो म्हणतोय, "मला माहीत आहे. हा हेस्टरचा हात आहे."

आणि खरंच, मंडळी, त्याने तिचा हात धरून वर केलाय. हेस्टर, तू तो खाली घेतला नाहीस. सगळे बघताहेत आणि तू तो खाली घेतला नाहीस.

ओगलसाहेब, आभारी आहे. मागच्या रांगेतल्या बाई, तुमचेही आभार. रेव्हरंड, तुम्हीसुद्धा?

हेस्टर विचारते आहे, "किती वेळ लागतो रे याला?" अगं, गाईची प्रसूती नव्हे ती. ऊठ. पर्स घे.

अध्यक्षाबाई, आपण मला बोलू दिलंत आणि चहा अडवून धरलात, याबद्दल मनापासून आभार. बाकासाठी वर्गणी देणाऱ्यांचे, केक करून आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. एका भल्या बाईच्या घरातली गोष्ट मी भर सभेत उघडी केली. बोलण्यात मर्यादा सुटली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर घोड्यांचा डॉक्टर म्हणून सोडून द्या. सत्कारमूर्तीशिवाय चहा घ्यावा लागतोय, तोही अपराध पोटात घाला.

विल्फ, तूही जा तिच्याबरोबर स्वयंपाकघरात. काम होईपर्यंत तिचा हात सोडू नकोस.