उठवू नको तिला

“वारं गेलंय अंगावरून, आता हलवू नका त्यांना,” लहानपणी आजोबांच्या खाटेपाशी काकू म्हणाली होती, अन् आजोबा पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. जालन्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपीसाठी थांबलेल्या शरयूच्या कानावर आज तेच बोलणं आलं. शेजारी बाप अन् लेक हुज्जत घालत होते.

“वारं गेलंय तुझ्या आईच्या अंगावरून. उठवू नको तिला.”

“बापू, मी जर्मनीत लकव्याच्याच वॉर्डात नर्स हाय. तिथं एक-दोन दिवसांत बसवतात पेशंटला.”

“गोऱ्यांचं सांगू नको. त्यांच्यापाशी सगळं हाय.”

“सगळ्यांपाशी न्हाई! माझ्यासंगं कामाला बल्गेरियाची पोरगी हाय. तिच्या देशात लकवा जास्त अन् सोय कमी. तिच्या आजीला घरच्यांनीच धरून चालवलं.”

“अन् पडली म्हंजे? मी उषाला पाण्याचा पेला उचलू दिला न्हाई अजून!”

“तिथंच चुकून राह्यले तुम्ही.”

“जीव लावणं चूक हाय व्हय?”

चाकाच्या खुर्चीतल्या उषाबाईंनी वाकडं झालेलं तोंड वर केलं. शब्द सावकाश आले, पण अख्खे आले.

“भांडू नका. तुम्ही वावरात गेले, की मी रोज उठते. भिंतीला धरून चुलीपाशी जाते. सांगितलं असतं, तर निजवलं असतं तुम्ही. काल चहा केला... अन् एकटीनंच पिला.”