सोंगातलं सोंगात

— नाय साहेब, तुम्ही शिकवता चांगलंच, त्यात खोट नाय. पण बोलणार कुणीच नाय. सकाळधरनं विचारताय, ‘मशिनवर कुठं चुकता ते मोकळेपणानं सांगा’ — उघडलं कुणी तोंड? नाय उघडणार. का? बसा, चहा घ्या. कँटीनचा हाय, गरम हाय तोवर बरा लागतो. तुमच्या आधी कोपरकर सर होते ट्रेनिंगला. वर्ल्डकप जिंकला त्या सालची गोष्ट. लय भारी माणूस! फळा नाय, खडू नाय, आमच्यासंगं खाली सतरंजीवर बसायचे. म्हणायचे, तुम्ही पोराबाळांची माणसं, तुम्हाला मी काय पाढे शिकवू? करून दाखवा. मग स्वतःच पत्रा दाबायचं प्रेस मशिन व्हायचे — धाडकन खाली वाकायचे — आम्ही हसून हसून लोळायचो. अन् शिकायचो बरं का! हात कुठं घालायचा नाय, ते मला तिथंच कळलं.

मी पेठ तालुक्याकडचा. आमच्याकडं बोहाडा असतो, मुखवटे घालून सोंगं नाचवतात. सरांना सांगितलं तर असे खूश! म्हणाले, लहानू, आपण कंपनीचा बोहाडा करू. चुका सांगायच्या नाय, सोंग घेऊन दाखवायच्या. आता आमच्यात कसंय, सोंगानं कुणाची फजिती केली तरी त्याचा जाब कुणी विचारत नाय. मुखवटा उतरला, विषय संपला. सर म्हणाले, इथंबी तसंच. सगळ्यांदेखत म्हणाले! मग मी भिकादाजींचं सोंग घेतलं — माझ्या बहिणीचा नवरा, शेजारच्याच प्रेसवर होता. दोन बटणं असतात ना, दोन्ही हातांनी दाबल्याबिगर प्रेस खाली येत नाय? दाजी एका बटणात बिडीचं थोटुक खोचायचे. एक हात मोकळा, काम झपाझप. मी टोपी वाकडी केली, थोटुक खोचलं, त्यांच्यासारखा खाकरलो — दाजी स्वतः टाळ्या वाजवत होते हो! सरबी.

आठवड्याच्या आत दाजींना ऑफिसात बोलावलं अन् घरी पाठवलं. कायमचं. सरांनीच वर सांगितलं होतं. मी गेलो त्यांच्याकडं, म्हटलं, सर, ते सोंग होतं. तर माझ्याकडं बघेनात. ‘लहानू, सेफ्टीचा प्रश्न आहे.’ बरं, असंल! मग आधी सांगायचं ना, मी तोंड शिवून बसलो असतो. दगा दिला साहेब, दुसरा शब्द नाय. ते गेले पुण्याला, बढतीवर. अन् बहीण म्हणते, तू नोकरीपायी दाजीला विकलंस. भाऊबीजेला गेलो तर दार उघडत नाय. अन् मी त्या माणसाला गुरू मानलं होतं — म्हणाले होते, पुढची बॅच तू शिकवशील. बायकोला सांगून बसलो होतो मी.

अन् एवढं करून फायदा काय झाला? काय नाय! वरनं माल तेवढाच पाहिजे, मग माणूस काय करील? आजबी अर्धी लाइन तेच करते. फक्त थोटुक गेलं, आता रबराचा तुकडा. मी करतो, माझ्या पुढचा तो चिमा —

…

कसं ऐकता हो तुम्ही. मधी बोलत नाय, नुसती मान हलवता. असंच ऐकायचे ते.

चहा संपवा अन् जावा. उद्या वर्गात येतो, हजेरी देतो. मला काय विचारू नका.