मीठ वाळेपर्यंत

...नाही, पण मिठाचा विषय मी काढलाच नव्हता! तुम्हाला सांगतो, माझाच साखरपुडा, इथं बेंगळुरात, चामराजपेठेत कौशल्याच्या घरी, पुडा द्यायचा मुहूर्त जेवणानंतरचा, मी पाटावर, समोर केळीचं पान, आणि आपल्यात पानावर पहिलं काय वाढतात? मीठ! तेवढ्यात तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी विचारलं, "काय रघुपती, विलायतेत एवढी वर्षं काढलीत, शिकलात तरी काय?" आता मी बोटीवरच ठरवलेलं, आपल्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात विज्ञान घरोघरी न्यायचं, आपल्या भाषेत न्यायचं! म्हटलं, सुरुवात सासुरवाडीपासून. "हे मीठच घ्या ना..." झालं! अख्खी पंगत माझ्याकडं अशी बघायला लागली, जसा काही मी पानाखाली काहीतरी लपवलंय... बघा, तुम्हीही तसंच बघताय!

म्हटलं, ह्यात दोघं आहेत. एक सोडियम, धातू, इतका तापट की पाण्यात टाकला तर पेट घेतो! दुसरा क्लोरीन, विषारी वायू, लढाईत माणसं मारायला सोडलेला...

"विष? आमच्या पानावर?" गोजराबाईंनी पान पुढं सारलं. कौशल्याची आजी ती, घरात शब्द तिचा! मागोमाग सगळ्यांनी पानं सारली. गोजराबाईंचे धाकटे भाऊ बिंदुमाधवराव तर मिठाचा वास घेत बसले!

"अहो, वेगळे असताना विष! सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो गेला तर त्याला बरंच वाटतं. क्लोरीनकडं सात, आठवा मिळाला की तृप्त. ह्यानं दिला, त्यानं घेतला, ह्याच्यावर धन भार आला, त्याच्यावर ऋण, आणि विरुद्ध भार एकमेकांना घट्ट धरून बसले. ह्यालाच बंध म्हणायचं! तापटपणा गेला, विषही गेलं, राहिलं मीठ!" काय सुंदर आहे हो!

"दिला म्हणजे... उगीच दिला?" बिंदुमाधवराव. "स्वल्प... जरा नीट सांगा. उगीच कोण देतं?" बघा, तुम्हीही तसंच बघताय!

मग गोजराबाई. "सरी, सरी. बरं, हा बंध सुटतो का, रघुपती?"

इथं शहाणा माणूस काय म्हणेल? "छे छे!" म्हणेल आणि भात कालवेल. पण मी सत्याचा पाईक! "सुटतो की, आज्जी! पाण्यात घाला. पाणी मध्ये शिरतं, दोघांना अलग करतं, हा इकडं, तो तिकडं!"

बिंदुमाधवराव हळूच म्हणाले, "अक्का... हा बोटीनं गेलेला ना?"

"गेला न् आला," गोजराबाई म्हणाल्या. "दोन्ही खेपा समुद्र. पाण्यात बंध सुटतात, हाच सांगतो. मग ह्याचे आपल्या माणसांशी कितीसे उरले असतील?"

भगवंतरावांनी माझ्या डोळ्यांदेखत साखरेचा पुडा उचलून पाठीमागं ठेवला! मी ओरडतोय, "अहो, मीठ वेगळं, माणूस वेगळा!" ऐकतो कोण?

आणि दारातून आवाज आला. कौशल्या! हातात मिठाचं भांडं, नजर खाली. "आणि ते पाणी आटवलं तर?"

"तर... तर पुन्हा मीठ! दोघं पुन्हा धरून बसतात, जसेच्या तसे!" अहो, सगळ्या पंगतीत तिला एकटीला कळलं होतं! आणि जाता जाता माझ्या पानावर आणखी एक चिमूट वाढून गेली.

गोजराबाईंनी थोडा विचार केला. पान परत ओढलं. "सरी. मग वाळू दे ह्याला. वाळला की लग्न."

तेव्हापासून वाळतोय! परवा हेब्बाळच्या तळ्याकडं फिरायला निघालो, तर कोपऱ्यावर बिंदुमाधवराव. "पाण्याकडं कशाला?" आंघोळीला दुसरी बादली घेतली की चामराजपेठेत बातमी! गोजराबाई मधूनमधून येतात, दंडाला हात लावून बघतात, "अजून ओलाच आहे," म्हणतात आणि कॉफी पिऊन जातात. बरं, वाळायचं तर वाळू... पण ह्या बेंगळुरात? सकाळी धुकं, दुपारी ढग, संध्याकाळी सर! इथं धड पापड वाळत नाही हो, मी कसला वाळतोय!