दौंडपर्यंत वाजलेला अलार्म

आमी मूळचे मांजरीचे, उसातली मानसं. पर माझ्या वाट्याला रान आलं तवा त्यात ऊस कमी अन् बिल्डरचे खांब जास्त, मग मी हडपसरला एका मेस्त्रीकडं गाड्यांची वायरिंग शिकलो. तेव्हा देशात नवनव्या कंपन्या आल्या व्हत्या, रोज नवी गाडी, रिमोटनं उघडनारी, हात लावला की बोंबलनारी. त्याच गाड्या रेल्वेनं बाहेर जायच्या, त्या यार्डात मला काम लागलं. काम काय, तर गाडी डब्यात चढवायच्या आधी अलार्मची वायर काढायची, न्हाईतर धक्क्याधक्क्यानं वाटभर वाजती अन् बॅटरी बसती. गाडी आत बांधून झाली की सगळी कुलपं बघायची, किल्ली साहेबाकडं द्यायची.

चाकं बांधायला भगवान व्हता माझ्याबरोबर. वाशिमकडचा, आबोल मानूस, आपल्यातली निम्मी भाकरी माझ्यापुढं सरकवनारा. त्या दिशी त्याच्या अंगात ताप व्हता, ते मला मागनं कळलं. उन्हाळा, पत्र्याचा डबा, आत अंधार. शेवटची गाडी काळ्या काचांची, नव्या धर्तीची, तिची वायरच घावंना. साहेब म्हनले, राहू दे, इंजिन लागलंय, खाली उतर. मी रिमोट दाबला, खटाक करून चारी दारं लागली. आत वाकून बघितलं न्हाई. भगवान मागच्या सीटवर आडवा झाला व्हता, घटकाभर पडावं म्हनून. अन् ती कुलपं अशी, की बाहेरनं लावली तर आतनं उघडत न्हाईत.

डब्याचं दार लागलं अन् अलार्म सुरू झाला. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. साहेब म्हनले, काय रे ते? मी डब्याला टेकूनच वरडून सांगितलं, वाजू दे, धक्क्यानं वाजतोय, बसंल आपोआप गप. काय सांगू तुमाला, रेल्वे तवर हलली पन नव्हती.

दौंडला वाजनं ऐकून लोकांनी डबा उघडला, काच फोडून काढला त्याला. अलार्म तवा नुसता कण्हत व्हता म्हनं. भगवान शुद्धीत नव्हता. जगला, पर एक अंग तसं पांगळंच राहिलं. दवाखान्यात मला म्हनला, लय धडका मारल्या रे दाराले, लय वाजला अलार्म, कोनाले आयकू गेला नसंन. मी म्हनलो, न्हाई रे बाबा, न्हाई आला ऐकू.

त्यो गावाला गेला. मी तिथंच राहिलो. मागनं कितीक गाड्यांच्या वायरी काढल्या, पर वायर काढलेली गाडी बी मला वाजतीया असं वाटायचं. घरात जेवताना घास हातात धरून बसायचो. बायको म्हनायची, अहो, कायबी वाजत न्हाई. रस्त्यावर कुनाची गाडी बोंबलली की मी धावत जाऊन काचेला डोळा लावायचो, लोकं चोर समजायची.

सोळा वर्सं अशी काढली. मग येक दिस एसटीत बसलो, वाशिम गाठलं. भगवान अंगनात बसला व्हता. मी सगळं सांगितलं, की अलार्म ऐकला व्हता, अन् खोटं बोललो व्हतो. त्यानं हातानं बस म्हनून खुनावलं. मग म्हनला, ठाव हाये मले. मधात थांबला होता ना अलार्म, तवा तुहा आवाज आला होता. वाजू दे, म्हनला तू.

मी म्हनलो, मग दवाखान्यात का बोलला न्हाईस रे? म्हनला, साहेब उभे होते ना बाजूले. तुई दोन लेकरं लहान होती.

आता त्याची पोर खराडीला कंपनीत हाय, सनासुदीला येती, काका म्हनती, पाया पडती. सुखी ऱ्हा म्हनतो, मनापासून म्हनतो. तिला त्यानं कायबी सांगितलेलं न्हाई. त्यानं चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या ना, तर मी सुटलो असतो.