मद्रासची तयारी

मंडळी, जरा पुढे सरका. मागे जागा लागेल. ज्यांना पुढे बसून डुलकी लागते त्यांनी खुशाल मागे जावं, खांबाला टेकावं, माझी हरकत नाही! बायांनो, पोरांना मांडीवर घ्या. हां. आता ऐका.

आख्यान सुरू करायच्या आधी एक साधा प्रश्न विचारतो. तयारी करणं हे पुण्य, की पाप?

हसू नका! तुम्ही म्हणाल, महाराज, तयारीत कसलं पाप? पेरणीची तयारी करतो, लग्नाची करतो, तुमच्या कीर्तनाचीसुद्धा आठ दिवस तयारी केली, तो मांडव बघा! बरोबर आहे. मांडव चांगला झालाय. पण मी ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्यानं तीन महिने तयारी केली. आणि त्या तयारीचं ओझं मरेपर्यंत वाहिलं. मी त्याला पाहिलंय. त्याच्या ओट्यावर बसून ताक प्यायलोय. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही.

जत भागात माळेखेड नावाचं गाव. तिथं महादेवाचं देऊळ, आणि देवळाचे गुरव — महालिंग गुरव. पहाटे देवाला पाणी, बेल, घंटा, नैवेद्य. माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात बायको गौराबाई, म्हातारी आई, आणि पाठची बहीण, सुंदरा. वडील लवकर गेले, म्हणून सुंदराला यानंच वाढवली. खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवली, ताप आला तर उशाशी बसून राहिला. ती त्याला अण्णा म्हणायची. दिवसातून शंभरदा! अण्णा, हे बघ. अण्णा, ते दे. अण्णा, मला पण येऊ दे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतील. विहिरी कोरड्या ठाक. सरकारनं बोअर मारायला गाड्या पाठवल्या. माळेखेडातही एक गाडी आली, आणि गाडीबरोबर चार माणसं — थेट मद्रासकडची! काळी, काटक, भाषा कुणाला कळेना. त्यातला एक मुरुगेसन. देवळामागं महिनाभर मुक्काम. सुंदरा पाण्याला जायची, भाकरी पोचवायची…

पुढचं सांगू? नको. तुम्ही शहाणे आहात.

गाडी गेली आणि पाठोपाठ सुंदरा गेली. तिकडे देवळात लग्न लावलं, कुणाकडून तरी लिहून घेऊन कार्ड पाठवलं, खुशाल आहे म्हणून कळवलं. महालिंगानं काय केलं? कार्ड वाचलं, फाडलं, आणि — मंडळी, बहीण जिवंत असताना — तिच्या नावानं आंघोळ केली. गावाला सांगितलं, माझी बहीण मेली.

आई रडली. तिला म्हणाला, "परत नाव काढलंस तर मी देऊळ सोडून जाईन."

आईनं नाव काढलं नाही. बारा वर्षं काढलं नाही. शेवटच्या दुखण्यात भिंतीकडं तोंड करून पडायची, ओठ हलायचे. काय म्हणायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई गेली. सुंदराला कळवलंसुद्धा नाही. मेलेल्या माणसाला कसं कळवणार?

अशी अठरा वर्षं गेली.

आणि एका श्रावणात पोस्टमन पत्र घेऊन आला. मद्रासहून. सुंदराला लिहिता येत नव्हतं. तिच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेला एक मराठी शिंपी होता, त्याच्याकडून तिनं ते लिहून घेतलं होतं. गौराबाईनं पोस्टमनलाच वाचायला सांगितलं. ऐका काय होतं पत्रात.

"अण्णा, माझ्या घशात गाठ झाली आहे. डॉक्टर कापणार आहेत. कापल्यावर जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही म्हणतात. त्याच्या आधी एकदा ये. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती दुसऱ्याच्या हातानं लिहून पाठवण्यासारखी नाही. माझ्या तोंडानं सांगायची आहे. मी डॉक्टरांना थांबायला सांगते."

मृदंगबुवा, जरा थांबा. हे वाक्य यांना नीट ऐकू दे. *मी डॉक्टरांना थांबायला सांगते.* घशात मरण वाढतंय, आणि बाई म्हणते, माझा अण्णा येईपर्यंत थांबा!

महालिंग पत्र घेऊन देवळात गेला. दुपारभर बाहेर आला नाही. आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "गौरा, मी जाणार."

अहो, मला वाटलं इथंच आख्यान संपेल! अठरा वर्षांचा राग एका दुपारी वितळला. पण माणूस एवढा सोपा असता तर देवाला इतके अवतार कशाला घ्यावे लागले असते?

"जाणार," म्हणाला. "पण एवढं मोठं शहर. कधी पाहिलं न्हाई. नीट तयारी करून जायला पायजे."

झालं. तयारी सुरू! पंढरीनाथ मास्तरांकडे गेला, नकाशा बघितला. सोलापूरला जायचं, तिथून गाडी, मग गुलबर्गा, वाडी, गुंटकल… मास्तरांनी स्टेशनांची यादी लिहून दिली. यानं ती पाठ केली. पाठ! जणू गाडी यालाच चालवायची होती! मग फौजेतून परतलेल्या सुभेदाराकडे गेला. सुभेदार म्हणाले, "गुरव, मद्रास म्हंजे समुद्र हाय माणसांचा. तिथं हिंदी चालत न्हाई. हरवलास तर हरवलास." झोप उडाली याची! मग चार शब्द शिकून घेतले. पाणी म्हणजे तण्णी, कुठं म्हणजे एंगे. घरात दिवसभर तण्णी, तण्णी! शेजारीण गौराबाईला विचारते, "काय गं, कुणाचं तान्हं आलंय घरात?"

हसलात ना? मीही हसलो होतो, हे ऐकताना. महालिंग हसला नव्हता.

तिकडं भाकरी मिळत नाही, म्हणून टिकतील अशा दशम्या कशा करायच्या ते ठरलं. पेटीला साखळी आणली. साखळीला कुलूप आणलं. मग मनात आलं, पेटी नको, वळकटी बरी. मग वळकटी नको, पेटीच बरी. आणि श्रावणात देऊळ सोडून कसं जायचं? सुंदराला पत्र टाकलं: गणपती झाले की येतो.

गणपती झाले. म्हणाला, पितृपक्षात लांबचा प्रवास नको. पुन्हा पत्र: नवरात्र झालं की येतो. तिकडून शिंप्याच्या हातचं उत्तर आलं: "ये. मी डॉक्टरांकडून अजून थोडे दिवस मागून घेतले आहेत."

मागून घेतले आहेत! मंडळी, ते दिवस कुणाच्या आयुष्यातून मागितले तिनं?

दसरा झाला. हा म्हणतो, सोबत पाहिजे. सोबतीला माणूस शोधायला लागला. कोण जाणार मद्रासला? कोण मिळणार? एक दिवस गौराबाई चुलीपुढून उठली. अठरा वर्षांत नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता. म्हणाली —

"एक विचारू?"

"विचार."

"तुमी शहराला भ्यालाय, का त्या माणसाला?"

"कुठल्या माणसाला?"

"सुंदराच्या नवऱ्याला. त्याच्या दारात उभं ऱ्हायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं — त्याची तयारी हुईना तुमची. उगा त्या शहराला नावं ठेवू नगा."

महालिंग उठला. बाहेर गेला. आणि कुलूप बदलून आणलं. म्हणे, आधीचं कुलूप हलकं होतं.

कळतंय ना? बाई खरं बोलली, आणि यानं कुलूप बदललं! आपण काय करतो? आपणही हेच करतो.

दिवाळी गेली. एका शुक्रवारी तिसरं पत्र आलं. दोन ओळी. "डॉक्टर आता थांबत नाहीत. येत्या सोमवारी ऑपरेशन." महालिंगानं पोस्टाचा शिक्का बघितला. पत्राला यायला आठ दिवस लागले होते. येता सोमवार नव्हताच तो! तो सोमवार चार दिवसांपूर्वी होऊन गेला होता!

मंडळी, त्या क्षणी माणूस उठला आणि निघाला. पेटी नाही, वळकटी नाही, दशम्या नाहीत. अंगावरच्या धोतर-सदऱ्यावर, हातात तेवढं पत्र. गौराबाई मागं धावली, टॉवेलात चार भाकऱ्या बांधून दिल्या. सोलापूरला गाडीत शिरला तो उभ्यानंच. पाठ केलेली स्टेशनं एकामागून एक गेली, यानं एकाचंही नाव वाचलं नाही.

मद्रासला उतरला. आणि आता ऐका, ज्या शहराच्या धाकानं तीन महिने गेले, त्या शहरानं काय केलं? याला गिळलं? लुटलं? स्टेशनच्या फाटकाशी एक बाई फुलांच्या वेण्या विकत बसली होती. यानं पत्रावरचा पत्ता दाखवला. तिला वाचता येईना, तिनं शेजारच्या माणसाला हाक मारली. त्यानं हात धरून बसमध्ये बसवलं, कंडक्टरला समजावलं. कंडक्टरनं जागेवर उतरवलं. तिथं एका हमालानं गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं. दीड तास! दीड तासात माणूस दारात!

आणि मंडळी, त्या मुलखात अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला काय हाक मारतात ठाऊक आहे? अण्णा! फुलवाली म्हणाली अण्णा. कंडक्टर म्हणाला अण्णा. हमाल म्हणाला अण्णा. महालिंग मला सांगत होता, "महाराज, ज्यानं त्यानं अण्णा म्हटलं. प्रत्येक हाकेला काळजाचं पाणी हुत हुतं."

दार उघडलं ते मुरुगेसननं. केस पांढरे झालेले. हातात डबा, दवाखान्यात पेज घेऊन निघाला होता. महालिंगाचा अठरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा — ओळखला त्यानं. आता कुणी काय बोलावं? याला वाटलं, हा दार लावून घेईल. लावायला हवं होतं! मुरुगेसननं डबा खाली ठेवला, आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला. मोडक्या मराठीत म्हणाला, "अण्णा, पाणी घ्या. मग जाऊ. ती वाट बघती."

महालिंगानं ते पाणी घेतलं. घटाघटा प्यायला, निम्मं सदऱ्यावर सांडलं.

दवाखाना. लांबलचक खोली, खाटांच्या रांगा. खिडकीकडच्या खाटेवर सुंदरा. गळ्याला पट्ट्या, गळ्यात नळी. हा लांबून दिसला तशी ती उठून बसली. हसली. आणि तोंड उघडलं…

अण्णा म्हणायला.

ओठ हलले. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली. फुस्स. बस्स, तेवढंच.

आणखी एकदा म्हणाली. आणखी एकदा. मग तिलाच कळलं, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

महालिंग खाटेपाशी खाली बसला. म्हणाला, "सुंदरे, माझं चुकलं. मी आलो. काय सांगायचं हुतं तुला?" तिनं मान हलवली. मुरुगेसनला विचारलं, तुला काही बोलली होती का? तो म्हणाला, नाही, अण्णालाच सांगीन म्हणायची. शिंप्याला बोलावून आणलं. तो बिचारा कागद घेऊन बसला, एकेक अक्षर दाखवू लागला, हे का? हे का? सुंदरानं हळूच त्याचा हात बाजूला केला. अठरा वर्षं जपलेली गोष्ट खुणांनी सांगता येत नाही, हो!

मग तिनं एक खूण केली. ती मात्र महालिंगाला लगेच कळली. डोक्यावरून पदर घेतल्यासारखा हात नेला, कंबर वाकवली — आई? आई कशी आहे?

मंडळी, सांगा, काय उत्तर द्यावं या माणसानं? तिला काहीच ठाऊक नव्हतं!

"आई गेली गं," म्हणाला. "सहा वर्षं झाली."

ती रडली. रडणाऱ्या माणसाला तुम्ही ऐकलंय. ऐकू न येणारं रडणं पाहिलंय का कधी? खांदे हलतात, तोंड वेडंवाकडं होतं, आणि आवाज नाही. शेजारच्या खाटेवरची बाई पाठ करून झोपली होती, तिला पत्ताही लागला नाही. महालिंग म्हणाला, "महाराज, ती वरडून रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो."

आठ दिवस राहिला. बहिणीला ऐकू येत होतं, म्हणून हाच बोलत राहिला. देवळातलं, गावातलं, आईचं. आई भिंतीकडं तोंड करून तिचंच नाव घ्यायची, हेही सांगितलं. ते ऐकून तिनं त्याचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. क्षमा केली की काय, ठाऊक नाही. मी क्षमा केली म्हणून सांगू शकतो, आख्यान गोड होईल. पण मला ठाऊक नाही, त्यालाही नव्हतं.

गाठ उशिरा कापली होती. सुंदरा पुढं सव्वा वर्ष जगली. तेवढ्यात महालिंग तीनदा मद्रासला जाऊन आला. तयारी? कसली तयारी! पिशवी घ्यायची आणि निघायचं.

मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा तो पंच्याहत्तरीचा होता. मला म्हणाला, "महाराज, तुमी शास्त्र वाचलंय. तिला काय सांगायचं असंल हो?"

मी एवढा बोलका माणूस! तीन तास तुम्हाला उठू देत नाही. आणि तिथं? ताकाचा पेला तसाच हातात राहिला.

आता तुमच्याकडे वळतो. महालिंगाला काय नावं ठेवायची, तो भोगून गेला. तुम्ही सांगा! तुमच्यात असा कोण आहे, ज्यानं भावाशी बोलणं टाकलंय? बांधावरून, मानपानावरून, जातीवरून? कोण म्हणतंय, दिवाळी होऊ दे, मग जाईन? पोरीचं लग्न होऊ दे, मग बोलेन? तिकडं कुणीतरी तुमच्यासाठी दिवस मागून घेत असेल. किती मागून घेईल? महालिंगाच्या घरी फोन नव्हता. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मघापासून चार वेळा वाजला, मी ऐकलंय!

कीर्तनातून मध्येच कुणी उठलं की मला राग येतो, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आज येणार नाही. मी आता डोळे मिटतो आणि देवाचं नाव घेतो. ज्याला कुणाला हाक मारायची आहे त्यानं उठावं, मांडवाबाहेर जावं, आणि बोलून यावं. मी बघणार नाही कोण गेलं.

बुवा, मृदंग हळू लावा. बाहेर बोलणाऱ्याचा आवाज पलीकडं नीट ऐकू गेला पाहिजे.