पेन्शन चालू, कागद बंद

सन्माननीय अध्यक्ष हॉबर्टसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीबुवा, आजच्या सत्कारमूर्ती आर्डिथताई, आणि अग्निशमन दलाचा बंब बाहेर काढून मांडलेल्या या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या हार्लो फोर्कच्या बंधुभगिनींनो,

मी क्लेटन, सरकारी अनुदानाच्या घरांचा व्यवस्थापक. ताईंनी पेन्शन कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली. त्यांचे गोडवे आधीच्या वक्त्यांनी गायलेच आहेत, मीही तेच करणार होतो. पण मंगळवारी ताई घरी आल्या. म्हणाल्या, "क्लेटन, कौतुकाला बाकीचे आहेत. तू वेंडेलचं सांग."

म्हटलं, "अहो, निरोपाच्या दिवशी ते कशाला?"

"मग कधी, माझ्या मयताला?" आता अशा बाईपुढे कुणाचं काही चालतं का?

वेंडेल आपल्या सगळ्यांचा. तेरा वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळलं आणि कमरेखालचा वेंडेल गेला, वरचा मात्र तसाच थट्टेखोर राहिला. अपंगत्वाची पेन्शन मिळायची. बिऱ्हाड हार्डवेअरच्या दुकानावर, बाहेरून एकोणीस पायऱ्या. हा एकेक पायरी बसत उतरायचा आणि मागून ओपलवहिनी चाकाची खुर्ची घेऊन यायच्या. वहिनी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

सहा वर्षं त्यांचं नाव माझ्या यादीत होतं. गेल्या ऑक्टोबरात तळमजल्याचं, दाराशी पायऱ्यांऐवजी उतार असलेलं चार नंबरचं घर रिकामं झालं आणि पाळी वेंडेलची आली. नियम असा की दहा दिवसांत पेन्शन मिळत असल्याचा ताजा दाखला आणून द्यायचा. एरवी ताईंचं हे पाच मिनिटांचं काम.

नेमकं त्याच आठवड्यात राजधानीत अंदाजपत्रक अडलं, खर्चाला मंजुरी मिळेना आणि सरकार बंद पडलं. पेन्शन काही थांबली नाही. कचेरीही उघडी होती. ताई डब्यात घेवडा नि मक्याचा पाव घेऊन सहा आठवडे बिनपगारी येऊन बसल्या. बंद झाले ते दाखले. वरून हुकूमच होता, दाखला छापायचा नाही.

वेंडेल खिडकीशी गेला. ताई म्हणाल्या, "तुझी पेन्शन चालू आहे रे, पण ती चालू असल्याचा कागद बंद आहे."

"म्हणजे मी जिवंत आहे, पण तसं कुणाला सांगायचं नाही. बरं, बरं!"

नवव्या दिवशी ताईंनी स्वतःच्या फोनवरून मला फोन केला. "वेंडेल शेजारीच आहे, त्याची परवानगी आहे. माझ्या तोंडानं सांगते, याला दर महिन्याला पेन्शन जाते. तेरा वर्षं मीच बघतेय."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "ताई, तोंड फाइलला लावता येत नाही."

मागून वेंडेल ओरडला, "अरे लेका, शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवायचास, तेव्हा कुठला दाखला मागितला होतास?" आम्ही तिघंही हसलो. मी त्या वेळी हसलो, हे मला अजून खुपतं.

अकराव्या दिवशी मी ते घर यादीतल्या पुढच्या बाईंना दिलं. त्या भल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. नोव्हेंबरात पायऱ्यांवर बर्फ धरला आणि वेंडेलचा हात निसटला. खुब्याचं हाड मोडलं. त्या जिन्यानं त्याला परत वर कोण नेणार? डॉक्टरांनी चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात धाडला, तो आजही तिथंच आहे. वहिनी दर गुरुवारी बसनं जातात.

सरकार उघडलं त्या सकाळी आठ वाजता ताईंनी पहिला दाखला वेंडेलचा छापला. स्वतः गाडी हाकत आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवला. "घे. लाव फाइलला." मी लावला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. मला म्हणाल्या, "मी नियम मोडला नाही, म्हणूनच आता त्या खिडकीत बसवत नाही."

वहिनी, दवाखान्यात तुम्ही मला एकच विचारलंत, "भावजी, थोडं थांबता आलं नसतं का हो?" मी म्हणालो, नियम. ते अर्धंच खरं होतं. त्याच नियमाखाली लिहिलंय की अडचण असेल तर व्यवस्थापक मुदत वाढवू शकतो. माझ्या एका सहीनं. आणि ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी तपासणीत अशाच मुदती वाढवल्याबद्दल माझ्यावर शेरा बसला होता, पुन्हा बसेल म्हणून मी भ्यालो. ताईंच्या हाती काहीच नव्हतं, तरी त्यांनी खिडकी सोडली. माझ्या हाती होतं आणि मी अजून खुर्चीत बसलोय.

असो. आज एवढे पदार्थ रांधणाऱ्या भगिनींचे, हॉल देणाऱ्या हॉबर्टसाहेबांचे आणि मला बोलायला लावणाऱ्या ताईंचे आभार. ताई, सुखानं राहा. शेवटी उण्याअधिक बोलण्याबद्दल क्षमा मागायची रीत आहे, तेवढी या सभेनं करावी. दुसरी क्षमा सभेकडे मागून उपयोग नाही. ती मी तिसऱ्या रांगेकडे मागतो. वहिनी, आज उत्तर देऊ नका. गुरुवारी बसनं जाऊ नका, मी गाडी घेऊन येतो. वेंडेलला हे माझ्याच तोंडून कळायला हवं.